उंबऱ्यावरची दोरी

मुंबई
१२ नोव्हेंबर १९६६

कनका अक्काला सेतूचा नमस्कार.

दिवाळीचं पत्र उशिरा जातंय, ओरडू नकोस. आमच्या संस्थेत नवं मशीन आलंय आणि आम्ही सगळे त्याच्या दिमतीला. त्याची गंमत अशी, की एका वेळी त्यात बरेच प्रोग्राम चालतात आणि त्या सगळ्यांत मिळून एकच तक्ता असतो. तो नुसता वाचायचा असला तर कितीही जणांनी एकदम वाचावा, कुणाचं काही जात नाही. पण एखाद्याला त्यात फेरफार करायचा असला, की बाकी सगळ्यांना बाहेर ठेवावं लागतं. नाहीतर कुणीतरी अर्धा जुना आणि अर्धा नवा तक्ता वाचून जातो आणि पुढचं सगळं चुकतं. म्हणून एक कुलूप हवं. लोखंडाचं नव्हे, नियमांचं. ते नियम ठरवायचं काम आमचे प्रमुख शेषगिरी साहेब यांनी माझ्याकडे सोपवलंय.

मी नियम केला तो असा. वाचणाऱ्याने कधी थांबायचं नाही. आत कुणी वाचत असेल तर त्याच्याबरोबर दुसऱ्यानेही खुशाल जावं. लिहिणाऱ्याने मात्र खोली रिकामी होईपर्यंत वाट बघायची. वाचणारे पुष्कळ असतात, लिहिणारा एखादाच. त्याने थोडी कळ काढली तर काय बिघडलं? बीजगणित मी तुझ्याकडून शिकलो, म्हणून तुलाच विचारतो.

आणखी एक. माझ्या सासरचे मामा-मामी रामेश्वर करून परतताना आपल्याकडे उतरतील. थोडेच दिवस. अप्पांना आणि वेंकू आत्याला नमस्कार सांग. राजमनेही नमस्कार सांगितलाय.

सेतू


तंजावूर
२ डिसेंबर १९६६

सेतू,

आशीर्वाद शेवटी लिहीन, जागा उरली तर.

तुझा नियम वाचला आणि कागद चुलीत घालावासा वाटला. “खोली रिकामी होईपर्यंत.” अरे, खोली रिकामी होत नसते. पहिला निघायच्या आत दुसरा येतो, दुसरा असतानाच तिसरा येतो. प्रत्येक जण थोडाच वेळ राहतो, वाईट कुणीच नसतो, आणि लिहिणारा दारात उभ्या उभ्या म्हातारा होतो. तू त्याला कळ काढायला सांगतोस. किती, ते सांगत नाहीस.

हे मला गणितातून कळलं नाही. तुझ्या राजमचे मामा-मामी आले. ते असतानाच कोर्टाच्या तारखेसाठी रघुपती भावोजी आले. ते गेले नाहीत तोवर कामाक्षी काकू डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आल्या, त्यांच्यामागून त्यांना बघायला त्यांच्या दोघी सुना. सगळ्यांची सकाळ-संध्याकाळची कापी, सगळ्यांचं गरम पाणी. तंजावरात ज्याचं काही काम निघतं तो आपल्या दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर पिशवी टेकतो.

तुला आठवतं का, पापनाशमच्या मुलींच्या शाळेत गणिताची जागा आहे म्हणून सांगितलं होतं? मुख्याध्यापिका धनलक्ष्मी अम्मांनी ती जूनपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवलीय. याआधीच्या दोन जागा माझ्या हातून अशाच गेल्या. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. अप्पांचं आणि आत्याचं जेवण मी पहाटे करून ठेवू शकते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं नाही करू शकत. अप्पांना विचारलं की एकच उत्तर. “घर रितं होऊं दे कनके, मग जा. मी कां नको म्हणतों?” ते नको म्हणत नाहीत, खरं आहे. तुझं कुलूपही लिहिणाऱ्याला नको म्हणत नाही.

आता तुझ्या कामाचं. आपल्या विठोबाच्या देवळात पुजारी भीमसेनाचार देवाचा साज बदलतात तेव्हा तिरै ओढतात. गाभाऱ्यापुढचा तो लाल पडदा. दर्शन कितीही जणांनी एकदम घ्यावं, पण साज बदलताना एकानेही बघायचं नाही. तुझा तक्ता तोच. तिथे दर्शनाची रीघ कधी संपते का? तरी तिरै रोज वेळेवर पडते. कशी पडते ते आठव आणि तसा नियम कर.

जागा संपली.

कनका


मुंबई
२८ डिसेंबर १९६६

अक्काला नमस्कार.

केवढी तापलीस. पण देवळाची आठवण काढलीस ते फार बरं केलंस. तिरै पडायच्या आधी आचार घंटा वाजवतात! तीच मी मशीनमध्ये बसवली. लिहिणारा दाराशी आला की घंटा.

पण काहीतरी चुकतंय. घंटा झाल्यावर वाचणाऱ्यांची झुंबड आणखीच वाढते आणि लिहिणारा होता त्याच्याही मागे पडतो. मला लख्ख आठवतं, घंटा ऐकली की मी गोट्या टाकून आत पळायचो, तिरै पडायच्या आत दर्शन मिळावं म्हणून. तसंच मी ठेवलंय. घंटेनंतर येणाऱ्याला आधी आत घ्यायचं, कारण त्याला घाई आहे. रिवाज जसाच्या तसा उतरवला, मग चालत का नाही?

पोंगलला मी आणि राजम येतोय. शाळेचं मनाला लावून घेऊ नकोस. मी अप्पांशी नीट बोलतो.

सेतू


तंजावूर
३ फेब्रुवारी १९६७

सेतू,

तू येऊन गेलास. मी केलेली पोळी खाल्लीस, पिठलं पुन्हा मागून घेतलंस, आणि शाळेचा शब्द माझ्यापुढे काढला नाहीस. मला वाटलं विसरलास. विसरला असतास तर बरं झालं असतं.

काल मी अप्पांना विचारलं, धनलक्ष्मी अम्मांना होकार कळवू का. अप्पा म्हणाले, “सेतू सांगून गेलाय नं? एवढं वर्ष राहूं दे म्हणाला. जूनांत त्याचे साहेब कुटुंब घेऊन देवळं बघाया येणार. घरांत करणारं मनुष्य नको कां?” आत्या आतून म्हणाली, “त्याचे साहेब नं? मग त्याने येऊन रांधावं.” अप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तिण्णैवर बसून माझं वर्ष देऊन टाकलंस तू. मी आत तुझ्याच ताटाला तूप वाढत होते. मला विचारायचं तुला सुचलंच नसेल, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. ठरवून वाईट वागला असतास तर भांडता तरी आलं असतं.

आता तुझी घंटा. तू म्हणतोस रिवाज जसाच्या तसा उतरवला. अर्धाच उतरवलास. घंटा वाजली की आचार सभामंडपाच्या उंबऱ्यावर दोरी लावतात. आत जे आहेत त्यांनी सावकाश दर्शन घ्यावं, त्यांना कुणी हाकलत नाही. पण नवा माणूस आत येत नाही, मग तो कितीही घाईत असो. आतले संपले की तिरै पडते. साज झाला की तिरै उघडते आणि दोरी सुटते. घंटा कुणाला बोलावण्यासाठी नसतेच मुळी.

ही दोरी तुला आठवत नाही. कशी आठवेल? तू पळत यायचास आणि आचार ती उचलून धरायचे. “विश्वस्तांचा मुलगा, येऊं द्या.” तू वाकायचासही नाही. मी तुझ्या मागून यायची आणि दोरी माझ्या पुढ्यात खाली यायची. तुझ्या चपला सांभाळत मी बाहेर उभी असायची. म्हणून मला नियम ठाऊक आहे आणि तुला नाही.

आशीर्वाद या खेपेलाही नाहीत.

कनका


मुंबई
६ मार्च १९६७

अक्काला नमस्कार.

दोरी लावली आणि कुलूप चाललं! ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. घंटेनंतर आलेला वाचणारा बाहेर, आतले संपले की लिहिणारा आत, तो निघाला की बाहेर थांबलेल्या वाचणाऱ्यांना एकदम मोकळीक. म्हणजे लिहिणाऱ्यांची रांग लागली तरी वाचणारे उपाशी राहत नाहीत. साहेब इतके खूश झाले की दिल्लीच्या परिषदेसाठी निबंध लिहायला सांगितला. मी सुरुवातच अशी केलीय, की ही कल्पना तंजावरच्या एका देवळाच्या रिवाजावरून सुचली. वाचणाऱ्या सगळ्यांना ते वाक्य फार आवडलं.

आता नवीनच पेच आलाय. साहेबांचं म्हणणं, सगळे प्रोग्राम सारखे नसतात. कुणाला मान जास्त, कुणाला कमी. दाराशी दोघं असले तर मोठ्या मानाचा आधी. साहेबांचे स्वतःचे प्रोग्राम अर्थातच वर. तसं केलं, आणि एक लहान मानाचा बिचारा अडकून पडला. त्याचा नंबर येतो तोच कुणीतरी मोठा येतो. त्याला काढून टाकावं म्हटलं तर त्याचंही काम खरंच आहे. काय करू?

अप्पांशी बोललो ते सगळ्यांच्या भल्याचंच होतं. साहेबांच्या घरच्यांची नीट बडदास्त राहिली तर माझं इथलं पक्कं होईल. शाळा काय, पुढच्या वर्षीही असेलच. तू समजूतदार आहेस म्हणून तुला सांगता येतं.

सेतू


तंजावूर
१४ एप्रिल १९६७

सेतू,

मी देवळाचा रिवाज नाही. मला नाव आहे, ते अप्पांनी ठेवलंय, आणि ते तुला लिहिता येतं. दिल्लीच्या लोकांना देवळाचं नाव सांगितलंस म्हणून माझा राग नाही. आचारांना दोरी लावायला कुणी शिकवलं मला माहीत नाही, पण तुला ती मी दाखवली. “एका रिवाजावरून.” म्हणजे भिंतीवरून पाल चुकचुकली आणि तुला सुचलं.

समजूतदार हा शब्द यापुढे मला लिहू नकोस. या घरात ज्याला काही द्यायचं नसतं त्याला समजूतदार म्हणतात.

तुझ्या पेचाचं उत्तर मात्र देते, कारण तुझ्या मशीनमध्ये कोण तो लहान मानाचा अडकलाय त्याची मला दया येते. मान कायमचा ठरवून ठेवलास हीच चूक. त्याला डावलून दुसरा कुणी आत गेला, की प्रत्येक वेळी डावललेल्याचा मान एकाने वाढव. आत जाऊन आला की पुन्हा मूळचा. एवढंच. मग तो कितीही लहान असला तरी डावलला जाता जाता एक दिवस साहेबांच्या वर चढतो. त्या दिवशी साहेबांनी दाराशी थांबायचं आणि तक्रार करायची नाही. लहान मानाचा थांबायला तयार असतो रे. त्याचं थांबणं कुठेतरी जमा झालं पाहिजे.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग माझाच मान मोजायला बसले. कोण कोण माझ्या पुढून आत गेलं ते आठवत गेले आणि मध्येच सोडून दिलं, कारण उत्तर कळलं होतं. तुझे साहेब माझ्या खाली कुठेतरी आहेत, सेतू. तूही.

तेव्हा ऐक. धनलक्ष्मी अम्मांना होकार गेला. आणि मी घंटा वाजवली आहे. सगळ्या नातेवाइकांना तमिळमधून कार्डं लिहिली, कारण आपली बाळबोध लिपी आता त्यांच्यातल्या कुणाला वाचता येत नाही आणि मला न कळल्याची सबब नको. जे घरात आहेत त्यांनी सुखाने राहावं आणि आपलं काम आटोपून जावं. कुणालाही उठवणार नाही. मे महिन्यापासून नवा कुणी आत येणार नाही. दसऱ्याच्या सुट्टीत घर उघडेल. एक कार्ड तुलाही टाकलंय.

आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अप्पाला कोण सांगणार?” मी म्हटलं, सांगितलंय.

कनका


मुंबई
२० मे १९६७

अक्काला नमस्कार.

मान वाढवायची युक्ती बसवली. तो अडकलेला बिचारा सुटला! परवा त्याच्यासाठी साहेबांचाच एक प्रोग्राम दाराशी थांबला. साहेबांनी भुवया उंचावल्या, पण नियम कळल्यावर मान डोलावली. कुलपाचं काम आता पुरं झालं.

तुझं तमिळ कार्ड पोचलं. मी आणि राजम पोट धरून हसलो. म्हणजे मी हसलो, राजम म्हणाली की अक्का थट्टा करत नाहीयेत. ती जरा जास्तच गंभीर आहे. तू कुलूप घराला लावून बघितलंस, उदाहरण म्हणून झकास आहे.

आम्ही ११ जूनला येतोय, साहेब, त्यांच्या पत्नी आणि मुली बरोबर. माडीवरची खोली झाडून ठेव. त्यांच्या पत्नीला आपल्याकडचं सार आणि डांगर खायचंय. शाळेचं काय ते आल्यावर बोलू.

सेतू


तंजावूर, स्टेशनजवळच्या लॉजमधून
१२ जून १९६७

अक्का,

नमस्कार लिहीत नाही. हे पत्र आत्याच्या हाती देऊन परत लॉजवर जातोय.

चारचौघांत माझं नाक कापलंस. दोन टांगे भरून माणसं घेऊन मी दाराशी आलो, तर तिण्णैच्या खांबापासून खांबापर्यंत काथ्याची दोरी, आणि पलीकडे आत्या चिंच निवडत बसलेली. मी म्हटलं, मी सेतू. ती म्हणाली, “दिसतंय. घंटा वाजली तेव्हा कुठं होतास?” मी म्हटलं, आत्या, दोरी उचल, साहेब उन्हात उभे आहेत. ती म्हणाली, “इतकी वर्षं उचलली रे तुला. तेंच चुकलं.” आणि पुन्हा चिंच निवडू लागली.

अप्पा आत झोपाळ्यावर होते. मी हाक मारली, अप्पा, हे काय चाललंय घरात? ते उठून खांबाशी आले. मला वाटलं आता सोडतील. ते म्हणाले, “घर रितं झालं सेतू, म्हणून ती शाळेवर गेली. मीच तसं सांगितलं होतं. आता मी शब्द कसा फिरवूं?” त्यांनी साहेबांना नमस्कार केला, बाहेरच पाणी दिलं, स्टेशनजवळची चांगली लॉज सांगितली, पण दोरीला हात लावला नाही.

साहेबांनी सगळं बघितलं. टांग्यात मला विचारलं, ही दोरी कुणी बांधली. मी म्हटलं, माझ्या बहिणीने. ते म्हणाले, “म्हणजे निबंधातला रिवाज तो हाच का?” मी टांगेवाल्याला लॉजचा रस्ता सांगू लागलो. त्यांच्या पत्नीला लॉजची कापी आवडली नाही आणि मुलींना डास चावले. राजम माझ्याशी बोलत नाही.

मी तुझा सख्खा भाऊ. मला कसलं कार्ड आणि कसली घंटा? मला राग आलाय अक्का, आणि तो कुणावर काढू ते कळत नाही. किती थांबायचं ते तरी सांग.

सेतू


तंजावूर
१३ जून १९६७

सेतू,

आत्याने पत्र दिलं तेव्हा मी नुकतीच गाडीतून उतरले होते. हातांना खडू होता, तुझ्या कागदाला लागलाय. मुलींना समीकरण सोडवून दाखवलं. मागच्या बाकावरच्या एकीने माझी चूक काढली आणि ती बरोबर होती. मला फार आनंद झाला.

तुझ्या साहेबांचं मला वाईट वाटतं, त्यांनी माझं काही केलं नाही. त्यांना सांग, मोठ्या देवळात सकाळी लवकर जा, दगड तापायच्या आत. दसऱ्याला आले तर सार आणि डांगर मी स्वतः करीन. आणि निबंधाचं त्यांनी विचारलंच आहे, तर खरं काय ते त्यांना तू सांग. मी सांगणार नाही.

राजमला आज संध्याकाळी घरी पाठव. ती लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय, सगळे पुढे जातात आणि ती मागे थांबते. तिचा मान तुझ्या केव्हाच वर गेलाय. दोरी मी स्वतः उचलीन.

तू विचारलंस, किती थांबायचं. मलाही हे कुणी सांगितलं नव्हतं. पण तुझा नियम आहे, तुझ्या मशीनमध्ये चालतोय, त्याने हिशेब कर. आजवर तुला कुणी कधी डावललंच नाही, म्हणून तुझ्या खात्यात काही नव्हतं. परवा पहिल्यांदा डावललं.

एक झाला. थांब.

कनका